शिंप्याचे गाणे

रंगभूमीवर पद सुरू झाले की कथानकास बहुधा थांबावे लागते. आरंभीच्या अनेक संगीत बोलपटांनी हीच रीत उचलली. रूबेन मामूलियन यांनी १९३२ च्या ‘लव्ह मी टुनाइट’मध्ये मात्र गाण्यासच प्रवासास धाडले. पॅरिसचा शिंपी आपल्या दुकानात गाऊ लागतो. ते गाणे गिऱ्हाइकाच्या तोंडी बसते, टॅक्सीवाला ते उचलतो, आगगाडीतील शिपाई त्यावर ताल धरतात, जिप्सी ते व्हायोलिनवर घेतो आणि अखेर दूरच्या गढीतील राजकन्या तेच गाते. मॉरिस शेव्हालिए यांचे गाणे अर्धे बोलण्यासारखे, म्हणूनच ते शिंप्यास शोभते. जॅनेट मॅक्डोनाल्ड यांच्या कमावलेल्या गळ्यात तीच चाल राजवैभव धारण करते.

परंतु या प्रसंगाचे मोल केवळ कौशल्यात नाही. गाणे गढीत शिरले तेव्हा त्याचे कुळ कोणी पुसले नाही. पुढे शिंपी सरदार म्हणून तेथे वावरला आणि त्याचा धंदा उघड होताच नोकरचाकरांसह सारी गढी खवळली! राजकन्या घोडा पिटाळून त्याची आगगाडी अडविते, हा शेवट गोड खरा. तथापि थट्टेचा काटा मनात रुततोच. गाण्यास जे दार सहज उघडते, ते माणसास का उघडू नये?