कोयनेचा तडा आणि लाल ठिपक्याचा आकडा

धरण म्हटलं की आपल्या जिंतूरकरांना पूर्णेवरचं येलदरी आठवतं. पण भेगांच्या संगणकीय अभ्यासात जगभर नाव निघतं ते कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात या १०३ मीटर उंच धरणाला दोन्ही बाजूंनी आडव्या भेगा पडल्या. पायापासून सुमारे ६६.५ मीटरवर, पाण्याच्या विरुद्ध बाजूला धरणाचा उतार एकदम बदलतो. बहुतेक भेगा त्याच पातळीच्या आसपास होत्या. पुढे त्या बाजूला आधारभिंती बांधून धरण मजबूत केलं गेलं.

तेव्हापासून नवी पद्धत आली की आधी कोयनेवर चालवून बघायची, अशी रीतच पडली. या रीतीबद्दल माझी एक तक्रार आहे. प्रबंधात रंगीत चित्र असतं, उताराच्या कोपऱ्यात लाल ठिपका असतो आणि खाली लिहिलेलं असतं: 'कमाल ताण इतका'. हा आकडा धरणाचा नाही, मेशचा आहे.

का, ते बघू. कोपऱ्यात काँक्रीटच्या आतला कोन साधारण २१०° भरतो. असा आत वळलेला कोपरा असला की रेषीय स्थितिस्थापकतेच्या गणितात तिथला ताण अनंत होतो, हे विल्यम्सने १९५२ मध्ये दाखवलं. यालाच सिंग्युलॅरिटी म्हणतात. २१०° ला ताण अंतराच्या साधारण चौथ्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. म्हणजे एलिमेंट निम्मं केलं की आकडा सुमारे १९ टक्के वर जातो. पुन्हा निम्मं करा, पुन्हा तेवढाच वर. भेगेच्या टोकाशी तर वर्गमूळ येतं, तिथे दर वेळी ४१ टक्के. हा आकडा कधीच स्थिरावत नाही. मग काँक्रीटच्या ताणशक्तीशी त्याची तुलना कशाच्या जोरावर करायची?

चोप्रा आणि चक्रबर्ती यांचा १९७३ चा लेख म्हणूनच नीट वाचायला हवा. पद्धत साधी, रेषीय. तरी उतार बदलतो त्या पातळीवर दोन्ही बाजूंना ताण काँक्रीटच्या शक्तीपलीकडे जातो, हे त्यांनी दाखवलं. माझ्या मते त्यातला भक्कम पुरावा पाण्याकडच्या बाजूचा आहे. तिथे पृष्ठभाग जवळजवळ सरळ आहे, कोपरा नाही, त्यामुळे मेश बारीक केली की आकडा स्थिरावतो. 'तडा कुठे जाईल' याचं उत्तर ही पद्धत देते. 'तो किती खोल जाईल' हे तिला विचारूच नये.

मग उपाय काय? भेगेसाठी हेन्शेल-शॉ (१९७५) आणि बार्सूम (१९७६) यांची युक्ती झकास आहे: मधला नोड टोकाकडे पाव अंतरावर सरकवा, वर्गमूळ आपोआप येतं. पण तीच एलिमेंट्स २१०° च्या कोपऱ्यात बसवली तर चुकीची सिंग्युलॅरिटी बसते. औषध बरोबर, रोग वेगळा! १९९९ ची एक्सएफईएम पद्धत भेगेला मेशच्या रेषांतून मोकळं करते, हा मोठा फायदा. मात्र सुरुवातीची भेग तुम्ही स्वतःच कोपऱ्यात ठेवली असेल, तर 'तडा तिथेच गेला' हा निष्कर्ष नाही. ते तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं.

भेग एलिमेंटभर पसरवणाऱ्या पद्धतीतही खोच आहे. फ्रॅक्चर एनर्जी एलिमेंटच्या आकाराशी जोडली नाही, तर मेश बारीक करत गेल्यावर तडा जवळपास फुकटात पुढे सरकतो. बाझांत आणि ओह यांनी १९८३ मध्ये यावर क्रॅक बँडचा तोडगा दिला. तो वापरला की नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहिलेलं असावं.

तेव्हा कोयनेवरचा पुढचा लेख हातात आला की तीन गोष्टी शोधा. किमान तीन मेशवरचे निकाल आहेत का? स्थिरावणारी राशी दिली आहे का, म्हणजे ताण-तीव्रता गुणांक, जे-इंटिग्रल किंवा खर्च झालेली ऊर्जा? आणि भेगेची जागा गणिताने शोधली की लेखकाने आधीच दिली? यांची उत्तरं नसतील तर चित्र कितीही सुंदर असो, त्यातला आकडा आपल्या प्रबंधात उचलू नका. व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच येईल, आणि यायलाच हवा.