'अस्तु' आणि शुश्रूषेच्या गुणवत्तेचा प्रश्न

वृद्धनिवासातील शुश्रूषेची गुणवत्ता कशावरून ठरवावी, या प्रश्नाच्या संदर्भात सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३) हा चित्रपट विचारात घ्यावा लागतो. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत. हत्तीच्या मागे जाऊन हरवलेल्या शास्त्रींना माहुताची पत्नी चन्नम्मा (अमृता सुभाष) सांभाळते. ती त्यांना सुधारू पाहत नाही. आहेत तसे स्वीकारते. कन्या इराला पूर्वीचे वडील हवे असतात. चन्नम्माने ते पाहिलेलेच नाहीत. तिच्या सहजतेचे मूळ येथे आहे.

तथापि, या मांडणीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. इराची दमछाक चित्रपट दाखवितो. तरीही प्रेक्षकाचे मन चन्नम्माकडेच झुकते. वस्तुतः तिची सेवा अल्पकाळाची, इराची दीर्घकाळाची. वृद्धनिवासातील सेविकेकडून चन्नम्माचे वात्सल्य अपेक्षिताना तिला पुरेसा वेळ, वेतन व विश्रांती मिळते काय, हेही विचारले पाहिजे. खाटा मोजता येतात. घास भरविताना राखलेला धीर मोजता येत नाही. गुणवत्तेची खरी कसोटी मात्र तीच होय.