‘चेम्मीन’ : मर्यादेचा अन्वयार्थ

तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या ‘चेम्मीन’ (१९५६) या मल्याळम कादंबरीचा विचार बहुधा करुत्तम्मा आणि परीकुट्टी यांच्या असफल प्रेमाची शोकांतिका म्हणून केला जातो. रामू करिआट यांच्या १९६५च्या चित्रपटाने हे वाचन अधिकच रूढ केले. मात्र प्रेमकथेच्या तळाशी असलेले नाव-जाळ्यांचे अर्थकारण वगळले, तर कादंबरीच्या शीर्षकाचे प्रयोजनच उरत नाही. ‘चेम्मीन’ म्हणजे कोळंबी.

स्वतःची नाव आणि जाळे ही चेंबनकुंजूची एकमेव आकांक्षा आहे. नाव बाळगण्याचा अधिकार जातीने आणि किनाऱ्याच्या मुखियाच्या संमतीने नियंत्रित केलेला आहे. तो हा संकेत डावलतो. ज्या परीकुट्टीच्या भांडवलावर नाव येते त्याचे ऋण फेडण्याची टाळाटाळ करतो. म्हणजे मर्यादाभंग प्रथम घडतो तो व्यवहारात. समूहाची श्रद्धा मात्र मर्यादेचा सारा भार स्त्रीवर टाकते : किनाऱ्यावरील पत्नी निष्कलंक असेल तरच कडलम्मा समुद्रावरील पुरुषाला राखते. चेंबनकुंजूच्या हव्यासाला वेडाची शिक्षा मिळते. पण समुद्राच्या कोपाचे कारण म्हणून करुत्तम्माकडेच बोट दाखवले जाते. ही श्रद्धा मच्छीमाराचे समुद्रापासून रक्षण करू पाहते. मच्छीमारापासून समुद्राचे रक्षण करण्याची कल्पना तिच्यात नाही. तिथला समुद्र कोपतो, पण रिता होत नाही.

तो रिता होऊ शकतो, याची जाणीव पुढच्या इतिहासाने दिली. १९५३ मध्ये कोल्लमजवळच्या नींडकरा येथे भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला होता. यांत्रिक नौका, बर्फ आणि शीतगृहे आली. निर्यातीच्या कोळंबीसाठी समुद्रतळ खरवडणारे ट्रॉलर वाढले. पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ आंदोलनानंतर १९८८ पासून केरळात पावसाळ्यातील ट्रॉलिंगवर बंदी येऊ लागली. आज ती ५२ दिवसांची आहे. २०१५ मध्ये काही जातींच्या माशांसाठी किमान लांबीही ठरवण्यात आली. मर्यादा आता स्त्रीच्या चारित्र्यातून निघून काळ, जाळे आणि माशाचा आकार यांत स्थिरावली. हे केवळ प्रशासकीय नव्हे, तर मूल्यदृष्टीचेही स्थित्यंतर आहे.

म्हणूनच कादंबरीतील श्रद्धेला पर्यावरणनीती ठरवण्याचा मोह टाळायला हवा. उलट, कायद्यालाही निर्विवाद मानता येत नाही. अल्पायुषी करिक्कडी कोळंबी पावसाळ्यात धरली नाही तर वाया जाते, हा ट्रॉलरमालकांचा युक्तिवाद आहे. आणि बंदीतून वगळलेल्या मच्छीमारांच्या इंजिन लावलेल्या नौका व अजस्र रिंगजाळी यांतही तारलीची अपरिपक्व पिल्ले सापडतात. ‘पारंपरिक’ आणि ‘व्यापारी’ हे द्वंद्व वाटते तितके स्वच्छ नाही.

नेमके येथेच ‘चेम्मीन’चे मोल कळते. तिच्यातील हव्यास बाहेरून, यंत्राबरोबर आलेला नाही. तो त्याच किनाऱ्यावर, भुकेच्या आठवणीतून जन्मलेल्या माणसाचा आहे. चेंबनकुंजूला खलपुरुष ठरवून हा प्रश्न सुटत नाही. दारिद्र्यातून वर येऊ पाहणाऱ्याने कुठे थांबावे, आणि ते कोणी ठरवावे, हे कादंबरी विचारते. तिने दिलेले उत्तर आज स्वीकारता येत नाही. प्रश्न मात्र टाळता येत नाही.