भूप, देशकार आणि पदवीचा कागद

तोंडी परीक्षेत प्रश्न येतो, भूप आणि देशकार यांत फरक काय? मुलगी एका दमात सांगते. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच स्वर. भूपात गंधार वादी, धैवत संवादी. देशकारात नेमकं उलट. भूप पूर्वांगाचा, रात्रीचा. देशकार उत्तरांगाचा, सकाळचा. उत्तर चोख. मग परीक्षक म्हणतात, ‘आता देशकारात चार आलाप घ्या.’ दुसऱ्याच आलापात ती गंधारावर रेंगाळते आणि देशकाराचा भूप होऊन बसतो.

बारावीनंतर ‘गाण्यातच काहीतरी करायचंय’ म्हणणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या धास्तावलेल्या पालकांनी हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. संगीताचं कॉलेज काय देऊ शकतं आणि काय नाही, हे त्यात पुरतं दिसतं.

हा पेच आजचा नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उस्तादांच्या उंबऱ्याआड असलेलं गाणं फी भरून शिकता येऊ लागलं. पण त्यांनी दोन चुली मांडल्या होत्या, हे सहसा कोणी सांगत नाही. एकीकडे ठरलेल्या वेळी येऊन तासभर शिकून जाणारे विद्यार्थी, दुसरीकडे संस्थेतच राहून, पडेल ते काम करत वर्षानुवर्षं शिकणारे शिष्य. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास हे दुसऱ्या चुलीवर तयार झालेले. पहिल्या चुलीवर जाणता श्रोता घडला, घरोघरी पेटी आणि तंबोरा पोचला. हे काम लहान नव्हे. पुढे 1931 साली गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं. मंडळाची प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची परीक्षांची शिडी आज मराठी मध्यमवर्गाला पाठ आहे. मात्र आजच्या बहुतेक विद्यापीठीय विभागांनी वारसा घेतला तो पहिल्या चुलीचा, आणि जाहिरात करतात दुसरीची.

वर्गात डोकावलं की अडचण कळते. मुलींचा सूर काळी चार-पाच, मुलांचा काळी एक-दोन. पंधरा जणांसाठी मोबाइलवरचा तानपुरा एकाच सुरात लागतो. मग निम्मा वर्ग खर्जात गुदमरतो किंवा निम्मा तार सप्तकात ओरडतो. त्यात सत्राच्या अभ्यासक्रमात रागांची यादी लांबलचक. यमनाचा तीव्र मध्यम कुठे जरा गळ्यावर चढतो न चढतो, तोच पुढच्या रागाचा विलंबित ख्याल सुरू करावा लागतो. शिक्षक वाईट असतात असं नाही. त्यांच्या हातात घड्याळ असतं.

मग कॉलेजला जाऊच नये का? तसंही नाही. शिकवण्याची नोकरी, संशोधन, ‘नेट’ परीक्षा यांची वाट बहुतेक वेळा पदव्युत्तर पदवीवरून जाते, आणि मैफिलीच्या मानधनावर घर चालवणारे गायक आजही मोजकेच. शिवाय गाण्याचा इतिहास, घराण्यांच्या गायकीची तुलना, कानावर पडलेल्या रागाकडे थोडं लांबून पाहण्याची सवय या गोष्टी सगळ्याच गुरूंच्या घरी मिळतात असं नाही.

उदाहरणंही एका छापाची नाहीत. प्रभा अत्रे यांनी विज्ञानाची आणि कायद्याची पदवी घेतली. गाणं मिळालं ते सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडून, आणि पुढे एसएनडीटीच्या संगीत विभागाचं प्रमुखपद त्यांनीच सांभाळलं. उल्हास कशाळकर नागपूर विद्यापीठाचे संगीतातले एम.ए.; तरी त्यांच्या गायकीचा उगम विचारला तर राम मराठे आणि गजाननबुवा जोशी यांची नावं येतात. दोघांच्याही बाबतीत पदवी आणि गुरू या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या नाहीत, कारण एकीनं दुसरीचं काम करण्याचा आव आणला नाही.

पदवी आणि तालीम यांतली ही फारकत ओळखून काही संस्थांनी वेगळी घडी बसवली. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने नावातच ‘गुरुकुल’ हा शब्द घेतला आणि पदवीच्या अभ्यासक्रमात गुरूकडच्या तालमीला जागा दिली. कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी आणखी पुढे गेली. तिथे मुळात पदवीच नाही. निवडलेले शिष्य शिष्यवृत्तीवर गुरूंच्या सहवासात शिकतात. राशिद खान तिथूनच पुढे आले. पण अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि तिथली दारंही अरुंद.

म्हणून ज्या गावात गुरू, त्या गावात कॉलेज शोधावं. उलट करू नये. विषय अर्थशास्त्र असला तरी चालेल, फक्त सकाळचा रियाझ वाचला पाहिजे. आणि संगीत विभागातच प्रवेश घ्यायचा असेल, तर माहितीपत्रकातल्या सभागृहाच्या फोटोवर जाऊ नये. पालकांनी एक दिवस मागच्या बाकावर बसावं आणि एवढंच मोजावं, की तासाभरात किती मुलांचा आवाज एकेकटा ऐकला गेला.