‘अद्याप दिवस न ठरलेला प्रस्ताव’ : संसदीय नियमांच्या भाषेविषयी

संसदीय कार्यपद्धती हा मुख्यतः राज्यशास्त्राच्या अभ्यासाचा विषय. तथापि त्या पद्धतीचे नियम भाषेच्या अभ्यासकानेही तपासावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण सार्वजनिक धोरणावरील चर्चा केव्हा व्हावी, हे पुष्कळदा एखाद्या पदाच्या अर्थावर अवलंबून असते.

लोकसभेच्या नियमावलीतील १८९ वा नियम पाहा. अध्यक्षांनी प्रस्तावाची सूचना दाखल करून घेतली, परंतु चर्चेची तारीख ठरली नाही, तर तो ‘नो-डे-येट-नेम्ड मोशन’ या मथळ्याखाली पत्रकात प्रसिद्ध होतो. मराठीत त्यास ‘अद्याप दिवस न ठरलेला प्रस्ताव’ म्हणता येईल. या संज्ञेतील ‘अद्याप’ हे अव्यय आश्वासन देते. ‘न ठरलेला’ हे धातुसाधित मात्र कर्त्यास झाकून ठेवते. दिवस ठरविला नाही, तो कोणी? याचे उत्तर पुढील, म्हणजे १९० व्या नियमात सापडते. सभागृहापुढील कामाची स्थिती विचारात घेऊन व सभागृहनेत्याशी विचारविनिमय करून अध्यक्षांस दिवस नेमून देता येतो. सभागृहनेते बहुधा पंतप्रधानच असतात. म्हणजे ज्यांच्या धोरणाची चिकित्सा व्हावयाची, त्यांचाच सल्ला चिकित्सेच्या वेळेसंबंधी घ्यावयाचा. शिवाय येथील क्रियापद शक्यतेचे आहे, बंधनाचे नव्हे.

चर्चेच्या वेळेइतकाच तिच्या प्रकाराचाही वाद असतो. १८४ व्या नियमाखालील चर्चेस प्रस्तावाचा व मतदानाचा आधार असतो. १९३ व्या नियमाखालील अल्पकालीन चर्चेत प्रस्तावही नसतो आणि मतदानही नसते. २०१२ च्या हिवाळी अधिवेशनात किरकोळ व्यापारातील परकीय गुंतवणुकीच्या प्रश्नावर आरंभीचे दिवस याच दोन आकड्यांच्या वादात गेले. अखेरीस १८४ व्या नियमाखाली चर्चा झाली आणि ५ डिसेंबर रोजी विरोधकांचा प्रस्ताव २१८ विरुद्ध २५३ मतांनी फेटाळला गेला. सरकार तरले, परंतु कोणता सदस्य कोणत्या बाजूस होता, याची नोंद झाली. मतदानाचे मोल ते हेच.

मुदत कशी घालावी हे नियमावलीस ठाऊक नाही, असे नव्हे. १९८ व्या नियमानुसार अविश्वासाचा प्रस्ताव अनुमती मागितल्यापासून दहा दिवसांच्या आत चर्चेस यावा लागतो. २०२३ साली मणिपूरच्या पार्श्वभूमीवर आलेल्या अशा प्रस्तावास २६ जुलै रोजी अनुमती मिळाली व चर्चेस ८ ऑगस्टला आरंभ झाला. पंचांगाचे दिवस मोजले तर मुदत उलटून गेली होती. बैठकीचे दिवस मोजले तर उलटली नव्हती. नियमात ‘दिवस’ एवढाच शब्द आहे, त्यास विशेषण नाही. एका विशेषणाच्या अभावी मुदत ताणता येते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

यावर आक्षेप येईल की, प्रत्येक सदस्यास तातडीचा वाटणारा विषय ताबडतोब घ्यावयाचा ठरविल्यास विधेयके व अंदाजपत्रक यांस वेळ उरणार नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु त्यावरून निघते ते इतकेच की वेळेची वाटणी आगाऊ व्हावी. ती एका पक्षाच्या हाती राहावी, असे निघत नाही. ब्रिटिश लोकसभेत प्रत्येक सत्रात २० दिवस विरोधी पक्षांसाठी राखलेले असतात, आणि २०१० पासून मंत्रिपद नसलेल्या सदस्यांच्या विषयांसाठी ३५ दिवस. यांतील विरोधकांचे दिवस नेमके कोणत्या तारखांस यावेत, हे तेथेही सरकारच ठरविते. संख्या मात्र त्याच्या मर्जीवर नाही.

तेव्हा सुधारणा मोठी नको. १९० व्या नियमात मुदत घालावी, ‘दिवस’ या शब्दाची व्याख्या करावी, आणि मुदतीत दिवस नेमला नाही तर त्याचे कारण नेमणाऱ्याच्या नावानिशी पत्रकात छापावे. वाक्यातील लपलेला कर्ता प्रकट झाला, म्हणजे त्यास उत्तरही द्यावे लागते.