मारिओच्या पाच मिनिटांची चाळीस वर्षं

निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात तो नकली कन्सोलवर, ‘कॅसेट’मधून घरोघरी पोचला. शेवटच्या किल्ल्यापर्यंत मजल मारणारं पोर त्या काळी गल्लीत भाव खाऊन जायचं. हाच खेळ आज पाच मिनिटांच्या आत संपतो. एप्रिल २०२१मध्ये निफ्ट्स्की या टोपणनावाने खेळणाऱ्या खेळाडूने ४:५४.९४८ अशी वेळ देऊन ४:५५ची वेस पहिल्यांदा ओलांडली आणि सप्टेंबर २०२३मध्ये आपली वेळ ४:५४.६३१वर आणली. बटणाचा प्रत्येक दाब संगणकावर आधीच ठरवून रचलेल्या आदर्श खेळाला ४:५४.२६५ लागतात. म्हणजे तेव्हाच अर्ध्या सेकंदाचंही अंतर उरलं नव्हतं, आणि पुढे ते आणखी घटलं. जुन्या खेळांच्या स्पीडरनिंगपुढचा, म्हणजे खेळ कमीत कमी वेळात संपवण्याच्या कलेपुढचा, आजचा खरा प्रश्न इथेच आहे. वेळ कमी करायला जागाच उरली नाही, तर या कलेत पाहायचं काय?

माझ्या मते, यंत्र किती खोलवर वाचलं गेलं आहे ते पाहायचं. मारिओ सेकंदाला सुमारे साठ फ्रेम दाखवतो. पण लेव्हल संपली की पुढची लगेच सुरू होत नाही. दर २१ फ्रेमनी, साधारण ०.३५ सेकंदांनी, यंत्र एकदा तपासतं आणि तेव्हाच पुढे सोडतं. खेळाडू याला बसची उपमा देतात. थांब्यावर थोडं आधी पोचलात तरी बस तिच्या वेळेलाच सुटणार, एक फ्रेम उशीर झाला तर पुढची बस. त्यामुळे वाचवायची ती अख्खी बस, नाहीतर काहीच नाही. त्यासाठी झेंड्याच्या खांबाच्या बुडाशी मारिओला असा नेमका घुसवतात, की झेंडा उतरण्याचा वेळच लागत नाही. शेवटच्या ८-४ या लेव्हलमध्ये मात्र बस नाही. तिच्या शेवटी असलेल्या कुऱ्हाडीला स्पर्श झाला की घड्याळ थांबतं, म्हणून तिथे एकेका फ्रेमचा हिशोब असतो. काही खेळाडू हृदयाच्या ठोक्यांचा आकडा पडद्यावर ठेवतात. या टप्प्यावर तो कसा चढतो हे पाहिलं, की हा बैठा खेळ आहे असं म्हणवत नाही.

या वाचनाचा धाक विक्रमांनाही आहे. अटारीवरच्या ‘ड्रॅगस्टर’ या १९८०च्या गेममध्ये टॉड रॉजर्स यांच्या नावावर ५.५१ सेकंदांचा विक्रम पस्तीसेक वर्षं होता. २०१७मध्ये एका अभ्यासकाने गेमचा प्रोग्रॅम उलगडून दाखवला आणि ५.५७च्या खाली जाणं शक्यच नाही असं मांडलं. जानेवारी २०१८मध्ये विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ‘ट्विन गॅलेक्सीज’ने तो विक्रम रद्द केला. साक्षीदाराच्या शब्दापेक्षा प्रोग्रॅमचा पुरावा मोठा ठरला. ही कला वयात आली ती तेव्हा, असं मी मानतो.

नुसत्या वेळेच्या मागे लागलं की काय होतं, तेही दिसतंच. ‘ऑकरिना ऑफ टाइम’सारखा भलामोठा खेळ यंत्राच्या स्मृतीत गडबड घडवून थेट शेवटच्या नामावलीवर नेता येतो. शोध म्हणून ते थक्क करणारं आहे. पण प्रयोग म्हणून पाहायला बसलं तर हाताशी फार थोडं लागतं, खेळच गायब होतो. तीच युक्ती २०२२च्या ‘समर गेम्स डन क्विक’ या स्पीडरनिंगच्या सोहळ्यात वेगळ्या हेतूने वापरली गेली. वर्षानुवर्षं ज्याच्या अफवा फिरत होत्या तो त्या खेळातला ट्रायफोर्स खेळाडूच्या हाती प्रत्यक्ष आला. तो प्रयोग मला कुठल्याही विक्रमाहून मोठा वाटतो. ‘सुपर मारिओ ६४’मध्ये उडीचं ए बटण कमीत कमी वेळा दाबून तारे मिळवण्याचं आव्हानही याच जातीचं. तिथे घड्याळ नाहीच. आहे तो फक्त एक जाचक नियम आणि त्यातून वाट काढणारी, बारा-बारा तास वेग साठवत बसण्याची तयारी असलेली बुद्धी. आज या क्षेत्रातलं सर्वांत ताजं काम अशा स्वतःहून घालून घेतलेल्या बंधनांतून येत आहे.

या कलेला रसिकही मिळाला आहे. २०१०मध्ये एका घराच्या तळघरातून सुरू झालेला ‘गेम्स डन क्विक’ सोहळा आता एकेका आठवड्यात लाखो डॉलरची देणगी सामाजिक कामांसाठी गोळा करतो.

दुखणं आहे ते जतनाचं. फेब्रुवारी २०२५मध्ये खेळांचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या ट्विच या संकेतस्थळाने जाहीर केलं, की हायलाइट्स आणि अपलोड मिळून प्रत्येकाला १०० तासांचीच साठवण मिळेल. असंख्य विक्रमांचा एकमेव पुरावा तिथल्याच चित्रफितींत होता. स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढं उतरवून घेतलं. आपल्या कलेची वही दुसऱ्याच्या कपाटात ठेवायची आणि किल्लीही त्याच्याकडेच द्यायची, हे यापुढे परवडणार नाही. प्रत्येक खेळाडूने आपल्या खेळाची मूळ फाइल आणि बटणांची नोंद स्वतःकडे ठेवावी, आणि विक्रम तपासणाऱ्यांनी नुसत्या दुव्यावर न भागवता ती प्रत मागून घ्यावी.