घर जपायचं की नाव?

रत्नागिरीत पाहुणे आले की दाखवायची दोन घरं ठरलेली असतात: टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान आणि थिबा राजवाडा. दोन्ही मी लहानपणापासून पाहत आलोय. पण 'घर' म्हणून ती कधी पाहिलीच नव्हती, हे लक्षात आलं ते कामानिमित्त जपानला गेल्यावर, ताकायामात.

तिथलं कुसाकाबे घर एका व्यापारी कुटुंबाचं. १८७५च्या आगीत जळालेलं, १८७९मध्ये पुन्हा बांधलेलं आणि १९६६ साली सरकारने महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून संरक्षित केलेलं. आत शिरताच मातीची जमीन, डोक्यावर उघड्या, जाडजूड तुळया, पुढे जमिनीतली चूल. तिथे पाहायचं असतं ते घरच.

आपल्याकडे घराला आधी नाव लागतं. टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले आणि वडिलांची बदली झाली तेव्हा, १८६६ साली, पुण्याला गेले. थिबा राजा १९१० साली राजवाड्यात राहायला आला आणि १९१६ साली वारला. म्हणजे एकाचं बालपण आणि दुसऱ्याच्या हद्दपारीची अखेर. दोन्ही गोष्टी सांगायलाच हव्यात. पण जन्मस्थानात छायाचित्रं पाहताना ज्या भिंतीवर ती टांगलीत ती भिंत पाहायची राहून जाते. कोकणातला पाऊस चिऱ्याने आणि कौलांच्या उताराने कसा झेलला? पार्वतीबाई स्वयंपाक कुठे करायच्या, पावसाळ्यासाठी लाकडं कुठे रचायच्या? हे प्रश्न विचारायचं आपल्याला सुचतही नाही.

नावामुळेच ही घरं वाचली, हे मान्य. टिळकांचं नाव नसतं तर तिथेही आज एखादी इमारत असती. माझी तक्रार आहे ती नाव हीच एकमेव कसोटी होण्याबद्दल. त्या कसोटीवर कोकणातली बाकीची सगळी घरं नापास होतात.

आमचंही. गावचं घर पाडून स्लॅब टाकायचा विषय गेली दोन वर्षं चालू आहे. मी ताकायामाचे फोटो दाखवले तेव्हा काका म्हणाले, "आपल्याकडे कोण टिळक जन्मलाय?"

उत्तर सुचलं नाही. कौलं दरवर्षी चाळायला माणसं मिळत नाहीत, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. गणपतीत मोजपट्टी घेऊन ओटी, माजघर, माळा सगळं मोजलं. आजी शेजारी बसून कुठे काय असायचं ते सांगत होती. नकाशा पूर्ण झालाय. घराचं अजून ठरलेलं नाही.